चक्राची टकटक

तिरुवैयारु,
४ मे २०२५

गिरीश,

आशीर्वाद लिहावा की नको, यावर मी कालची सगळी दुपार घालवली. लहान भावाला पत्र लिहिताना अक्कानं आशीर्वाद लिहायचा नाही तर काय लिहायचं? म्हणून लिहिते. घ्यायचा तर घे, नाही तर पाकिटातच राहू दे.

तुझा पत्ता अलमेलुनं दिला. बायकोवर चिडू नकोस. दिवाळीला ती मला एक मिनिट फोन करते, तेवढंच आमचं कारस्थान. तुला मी गेल्या महिन्यात सहा वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. म्हणून आता कागद. चाळीस वर्षं पोरांना हिंदी शिकवली, त्या पुण्याईनं देवनागरी तरी हातात आहे. आपल्या तंजावूरच्या मराठी लोकांत आता ती कितीजणांना वाचता येते, विचारू नकोस. तू एकोणीस वर्षं नाशिकला आहेस. तुझी भाषा तिकडच्यासारखी झाली असेल. माझ्या मराठीला हसलास तरी चालेल. हसलास तर मला बरंच वाटेल.

कामाचं लिहिते. अम्मा आता फार दिवसांची सोबती नाही. तंजावूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. हृदय थकलंय म्हणाले. दोन महिने, फार तर तीन. आठवण तर त्याच्या आधीच गेली. कोण कोण मेलं ते ती विसरलीय, त्यामुळे घरात सगळे जिवंत आहेत. अप्पा कचेरीतून यायचे असतात. दुपारी चार वाजले की न चुकता विचारते, "लच्चू शाळेंतून आली कां गे?" मी म्हणते, येईल आत्ता. मग ती दाराकडे बघत बसते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवते.

तू जाताना काय बोललास ते मला पाठ आहे. "माझ्या लेकरासाठी ज्या डोळ्यांना तासभर उघडं राहतां आलं नाहीं, त्या डोळ्यांना मी परत दिसणार नाहीं." सहा वर्षांची लच्चू घरामागच्या वाय्कालाच्या पाण्यात बुडाली आणि जवळ बसलेल्या आजीचा डोळा लागला होता. तुझ्या बोलण्याला अम्मानं उत्तर दिलं नाही. मीही काही बोलले नाही.

तुझं ते वाक्य आता तिला आठवत नाही. ती तुझी वाट बघते. एकदा येऊन तिला दिसून जा, एवढंच मागते.

आणि एक. ती चक्र मागते. अप्पांचं वाय्कालावरचं पाणी उपसायचं चक्र. पण ते पुढच्या पत्रात लिहीन.

अक्का


१६ मे २०२५

गिरीश,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसले आहे. लहानपणी तू रुसलास की माडावर चढून बसायचास आणि मी खालून बडबड करत राहायची. तसंच समज.

अम्माची खाट मागच्या खिडकीपाशी आहे. वाय्काल सध्या कोरडा ठणठणीत, तळाला प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन बकऱ्या. मेट्टूर धरणाचं पाणी कालव्यांना सुटेल तेव्हा खरं. पण अम्माला ते कळत नाही. पंधरा दिवस झाले, ताट समोर ठेवलं की कान देऊन ऐकते आणि म्हणते, "चक्र कां गे उगं राह्यलंय? पाणी नाहीं कीं? पाणी नाहीं तर सैंपाक कशाला केलीस?" आणि तोंड मिटून घेते. पिटलं केलं, आंबट भाजी केली, गोडाचं केलं. चार घास जातात, तेही मी रागावले तर. मी रागावते. शहाऐंशी वर्षांच्या आईवर ओरडणारी बाई मी, आणि मग तिचे पाय चेपत बसते.

तिला ती टकटक हवी आहे. अप्पांनी चक्राच्या आऱ्यांना लागेल अशी बांबूची कामटी मुद्दाम लावली होती ना, ओट्यावर बसल्या बसल्या पाणी वाहतंय की नाही कळावं म्हणून. पाणी जोरात तर टकटक जोरात. डबे भरून अबोलीच्या वाफ्यात ओतायचे आणि ती कामटी आपली बडबडत राहायची. अम्मा म्हणायची, हे घरातलं तिसरं लेकरू, उगं बसतच नाही.

लच्चू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू ते चक्र कुऱ्हाडीनं फोडलंस. लाकडं बंबात गेली. तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. मीच फोडायला हवं होतं.

आता ऐक आणि पत्र फाडू नकोस. मी नवीन चक्र करून घेते आहे. मला ठाऊक आहे हे वाचून तुला काय होईल. मलाही तेच झालं. आठ दिवस मी माझ्याशीच भांडले. मोबाइलवर टकटक वाजवून पाहिली, अम्मा म्हणाली, "हें घड्याळ कोणाचं?" तिला फसवता येत नाही. जिवंत आईनं उपाशी राहावं आणि मी एका लाकडाच्या वस्तूवर राग धरून बसावं, हे मला पटलं नाही.

पेट्टीतून अप्पांची जुनी वही काढली. मापं आहेत, चित्र आहे. सुतार म्हणून नटराज आसारी येतो. देवळाच्या रथाची दुरुस्ती करणारा म्हातारा, तुला आठवत असेल. त्यानं पाण्याचं चक्र जन्मात केलेलं नाही. मी तरी कुठं केलंय?

अक्का


२८ मे २०२५

गिरीश,

अलमेलुचा फोन आला. म्हणाली, तू पत्र वाचतोस. दोनदा वाचतोस आणि घडी घालून खिशात ठेवतोस, मग शर्ट धुवायला टाकताना ती काढून ठेवते. ऐकून मी अर्धा तास मोरीत बसून रडले, आणि मग माझाच राग आला, कारण दूध उतू गेलं होतं.

चक्राचं सांगते. मागच्या अंगणाचं कारखान्यात रूपांतर झालंय. आस बाभळीचा, तो लाकूडवाल्याकडे तंजावूरला जाऊन मीच निवडला. टाउन बसमध्ये कंडक्टर घेईना, म्हणून ऑटोतून बाहेर डोकावणारा तो सोटा धरून बसले. आरे आठ, अप्पांच्या वहीप्रमाणे. आऱ्यांच्या टोकाला आंब्याच्या फळ्यांची पाती, पाण्यानं ढकलायला. डब्यांच्या जागी मी तेलाच्या प्लास्टिकच्या बरण्या कापून घेतल्यात; नटराजाला ते मुळीच आवडलं नाही, जणू मी देवाला प्लास्टिकची माळ घालते आहे.

कामात मात्र तो पक्का. आस ज्या खांबांच्या भोकांत फिरायचा, ती भोकं त्यानं तीन दिवस कोरली. आस इतका नेटका बसवला की सुई जाणार नाही. मला म्हणतो, "अम्मा, देवाच्या रथाला मी सांधा बसवला की मुंगीला वाट राहत नाही. इथं तरी कशी राहील?" मी शाबासकी दिली. पाती मी स्वतः तासली. हाताला फोड आले आहेत. एकसष्टाव्या वर्षी नवीन विद्या शिकते आहे, तू असतास तर टिंगल केली असतीस. तू असतास तर हे सगळं तूच केलं असतंस. अप्पांच्या मागे चक्राकडे बघणारा तूच होतास, एरंडेल घालणारा, पाती बदलणारा. आम्हा बायकांना फक्त त्याचा आवाज माहीत.

अम्मा खिडकीतून बघते. तिला वाटतं अप्पाच काम करताहेत. नटराज कानस घासायला लागला की म्हणते, "त्यांना कापी दे गे, ऊन झालं." मी नटराजाला कॉफी देते. तो दिवसातून पाच वेळा पितो, त्याचं काही बिघडलं नाही.

लच्चूची उंची मोजायची ती मागच्या दाराची चौकट, तिला मी रंग लावू दिला नाही. मागच्या वर्षी घर रंगवलं तेव्हा रंगारी भांडला. पेन्सिलीच्या पाचही रेघा तशाच आहेत. हे तुला सांगायचं होतं, मध्येच आठवलं म्हणून सांगते.

तू कधी येतोस?

अक्का


९ जून २०२५

गिरीश,

चक्र उभं राहिलं. वाय्कालाच्या पायऱ्यांना लागून, जुन्याच जागी, कारण पाण्याची धार तिथंच जोर धरते. पाणी नाही म्हणून नटराज आणि मी बादल्यांनी पाती ओली करून फिरवून पाहिलं. फिरलं. मग त्यानं कामटी बांधली आणि हातानं चक्राला झोका दिला.

टक टक टक टक.

अम्मा आत होती. तिनं हाक मारली, "आलं कां गे पाणी?" तिच्या आवाजात इतका आनंद होता की नटराज हसला. मी हसले नाही. मी बादली तिथंच टाकली आणि घरात पळाले, आणि मोरीत जाऊन डोक्यावर पाणी ओतत राहिले. बिचारा नटराज दाराबाहेरून विचारत राहिला, ऊन लागलं का, सोडा आणू का.

ऊन नाही लागलं. तो आवाज मी एकोणीस वर्षांत विसरले नव्हते, एवढंच. का, ते सांगायचं आहे. हे कागद लिहायला घेतले त्या दिवसापासून तेच सांगायचं आहे आणि रोज मी चक्राचं, पिटल्याचं, नटराजाच्या कॉफीचं लिहून वेळ काढते. शाळेत पोरं गृहपाठ केला नसला की अशीच इकडचं तिकडचं सांगायची. मी त्यांना बाकावर उभी करायची.

त्या संध्याकाळी अम्मानं पोटभर दहीभात खाल्ला. आवाज थांबला तेव्हा ती झोपली होती.

अक्का


१३ जून २०२५

गिरीश,

काल मेट्टूरचं पाणी सोडलं. चार-पाच दिवसांत आपल्या मागच्या दारी येईल. ते यायच्या आत हे लिहून टाकते. एका दमात लिहिते, चुका दुरुस्त करणार नाही.

त्या दिवशी शनिवार होता, दुपारी तीनचा सुमार. तू आणि अलमेलु कुंभकोणमला, बँकेत. लच्चू शाळेतून येऊन जेवली होती. मी पुढच्या ओट्यावर, समोर सात पोरं, व्याकरण चाललेलं. लच्चू माझ्या पाठीशी बसून पाटीवर रेघोट्या मारत होती. अम्मा आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. झोपली नव्हती. अम्मा त्या दिवशी एक क्षणही झोपली नव्हती, गिरीश.

मागून चक्राची टकटक येत होती आणि एकदम थांबली. काहीतरी अडकलं असेल. मला उठायचा कंटाळा आला. मी मान न वळवता म्हटलं, "लच्चू, जा गे, चक्र कां राह्यलं बघून ये." ती पळत गेली. तिला ते काम आवडायचं, तूच शिकवलं होतंस तिला, काठीनं कचरा काढायला. काठी तिथं होती की नव्हती मला माहीत नाही.

थोड्या वेळानं टकटक परत सुरू झाली.

आणि मी म्हटलं, शाबास लच्चू. मोठ्यानं म्हटलं, पोरांनी ऐकलं. काम झालं, असं मला वाटलं. पाव तास, गिरीश. पाव तास मी ते चक्र ऐकत होते आणि माझ्या मनाला बरं वाटत होतं. ती परत का आली नाही, हे मनात आलं नाही. वाटलं, अबोली तोडत बसली असेल. चक्र चांगलं चाललं होतं ना.

तुला आठवतं, तिच्या मुठीत चिंधी होती? कुणाच्या तरी धोतराची, वरून वाहत आलेली. सगळ्यांनी पाहिली. ही चिंधी हातात कशी, हे कुणीच विचारलं नाही. तिनं ती ओढली, चिंधी सुटली, चक्र सुटलं आणि तिचा तोल गेला. मी सांगितलेलं काम तिनं पूर्ण केलं होतं.

अम्मानं माझी हाक आतून ऐकली होती. तू धावत घरात शिरलास आणि ओरडलास, "कोण होतं तिच्याजवळ?" तेव्हा मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. अम्मा माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी होतें. माझा डोळा लागला."

नंतर तिनं मला माजघरात नेलं. म्हणाली, "तूं उगी राहा. तुला नवरा नाहीं, लेकरू नाहीं, ह्या घराबाहेर कोणी नाहीं. तुला तो टाकेल. मी आई होय, मला कसा टाकेल? चार महिने रागावेल आणि येईल."

चार महिने म्हणाली होती. मी दिवाळीपर्यंत थांबायचं ठरवलं. मग संक्रांतीपर्यंत. मग तू नाशिकला बदली मागून घेतलीस, आणि मग मला भीती वाटायला लागली की आता सांगितलं तर दोन गुन्हे होतील. पुढे तीन झाले, दहा झाले. शिकवण्या मी बंद केल्या, लोकांना वाटलं डोळे अधू झाले म्हणून. अम्मानं पुन्हा कधी विषय काढला नाही. तुझ्या वाढदिवसाला ती पायस करायची, देवापुढे ठेवायची आणि मला वाढायची. मी खायची, गिरीश. मला ते घशाखाली जायचं.

आता तुझा राग जिथं असायला हवा तिथं असू दे. मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि मिळाली तर मी तिचं काय करू? फक्त आईला एकदा दिसून जा. तिचा डोळा लागला नव्हता.

भारती


२२ जून २०२५

गिरीश,

माझं पत्र गुरुवारी पोचलं असणार. अलमेलुचा फोन नाही. मी केला तर बंद लागतो. तिनं का उचलावा?

पाणी आलं. सोमवारी सकाळी आधी फेस आला, मग पानं, काटक्या, मग गढूळ पाणी, मग चांगली दोन हात धार. शेजारच्या बायकांनी हळदकुंकू वाहिलं. चक्र आपोआप फिरायला लागलं. अम्माला उशीला टेकवून बसवलं. ती ऐकत होती, डोळे मिटून, आणि बोटानं खाटेवर ताल धरत होती. मला म्हणाली, "बघ, अस्के आले." सगळे आले म्हणे. मी तिच्याजवळ बसून ती टकटक ऐकली, उठून गेले नाही. तेवढं तरी करायलाच हवं होतं.

मंगळवारी दुपारी टकटक मंदावली आणि बुधवारी सकाळी चक्र थांबलं. या खेपेला मी स्वतः गेले. काही अडकलेलं नव्हतं. पाणी पात्यांवर आपटतंय आणि चक्र हलत नाही. नटराजाला बोलावलं, त्यानं जोर लावला, शिव्या घातल्या, डोकं खाजवलं. पाणी पिऊन आस फुगला होता. मुंगीला वाट नाही ठेवली ना त्यानं, आणि मी शाबासकी दिली होती. रथ पाण्यात फिरत नाही, हे त्या म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. आता ते ओलं, फुगलेलं काढायचं कसं हे त्याला समजत नाही. फोडूनच काढावं लागेल म्हणतो.

अम्मा भिंतीकडे तोंड करून पडलीय. बुधवारपासून पाणीसुद्धा चमच्यानं. डॉक्टर घरी येऊन गेले. आता महिन्यांचं नाही, दिवसांचं बोलतात.

माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. तू इथं असशील तेवढे दिवस मी तंजावूरला राजवाड्याजवळ विशालाक्षीकडे, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, जाऊन राहीन. शेजारीण अम्माचं करील. किल्ली तिच्याकडे असेल. तू माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये.

भारती


१६ जुलै २०२५

गिरीश,

आज तू नाशिकला पोचला असशील. तू इथं वीस दिवस होतास आणि आपण बोललो नाही, म्हणून जे घडलं तेच तुला लिहिते. काही तुला माहीत नसलेलंही आहे.

तू चोवीस तारखेला आलास. मी दार उघडलं. केस पांढरे झालेत तुझे, अप्पांसारखा दिसतोस. मी बाजूला झाले, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पिशवी भरूनच ठेवली होती. ती दारात पाहून तू म्हणालास, "तिचं करायला कोण?" तेवढंच. मी पिशवी आत नेली.

तू अम्माच्या खोलीत गेलास तेव्हा ती झोपेत होती. तू दारातच उभा राहिलास. मग वळून मागच्या अंगणात गेलास. चक्राजवळ बसलास, आसावर हात फिरवलास. माळ्यावरची अप्पांची कानस कुठं असते ते तुला अजून ठाऊक होतं. तू आणि नटराजानं वरून फळी टाकून धार अडवली, खांब सैल केले, आणि तू दिवसभर भोकं घासलीस. नटराज मला हळूच म्हणाला, "पोटात किती साठवलंय यानं." मी स्वयंपाकघराच्या जाळीतून बघत होते. संध्याकाळच्या आत तू फळी काढलीस. आस आता त्या भोकांत इतका सैल होता की डगमगत होता, आणि नटराजाला ते बघवेना. पण फिरला.

टक टक टक.

तू तसाच, ओल्या हातांनी, अम्माजवळ जाऊन बसलास. ती जागी झाली होती. मी भिंतीआड होते. तुला माहीत नाही, पण मी सगळं ऐकलं.

ती म्हणाली, "गिरी, पाणी आलं?"

तू म्हणालास, "आलं, अम्मा."

मग ती म्हणाली, "गिरी, माझा डोळा लागला रे. मीच होतें तिच्याजवळ. भारतीला कांहीं बोलूं नको. तिला कोणी नाहीं."

नवरा गेला हे विसरली, वय विसरली, लच्चू गेली हे विसरली. हे एक खोटं मात्र तिनं विसरू दिलं नाही स्वतःला.

तू म्हणालास, "ठाऊक आहे, अम्मा. कोणी कांहीं बोलत नाहीं. तूं नीज."

त्यानंतर ती सहा दिवस होती. तुझ्या हातून जेवली. तू तिचे केस विंचरलेस, मी पाहिलं. गेली तेव्हा सकाळ होती, चक्र चालू होतं. तू तिचे डोळे मिटलेस. त्या डोळ्यांवर तुझा हात किती वेळ होता, ते मीच पाहिलंय. एकोणीस वर्षं मी तुमच्या दोघांमध्ये बसले होते, आणि सहा दिवसांत ती तुला परत मिळाली. सहाच दिवस. याचा हिशेब देव माझ्याकडून कसा घेणार आहे कोण जाणे. मी घ्यायला सांगितलंय.

तेराव्यापर्यंत तू मला म्हटलेले शब्द मी मोजून सांगू शकते. भटजी आले. फुलं संपली. पाणी गरम नको. अलमेलुबद्दल मी विचारलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू माळ्यावरून कुऱ्हाड काढलीस. तीच. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. तू मागच्या दारानं गेलास. मला कळलं की आता तू चक्र फोडणार. बरोबरच होतं. जिच्यासाठी केलं ती गेली. मी विळी बाजूला सारली आणि पहिल्या घावाची वाट बघत बसले. घाव पडला. टकटक चालूच राहिली. दुसरा पडला, तिसरा पडला, आणि टकटक चालूच. मी उठून जाळीशी गेले.

तू उरलेल्या बाभळीचे सोटे तोडत होतास. पायऱ्या आणि चक्र यांच्या मधोमध तू खांब रोवलेस. मग दोरी घेऊन मागच्या दाराच्या चौकटीपाशी आलास, पेन्सिलीच्या सगळ्यांत वरच्या रेघेला दोरीचं टोक लावलंस आणि जमिनीपर्यंत माप घेतलंस. तुला दिसू नये म्हणून मी जाळीच्या कडेला सरकले. त्या मापानं तू कठडा बांधलास. आडव्या पट्ट्या जवळजवळ मारल्यास, मधून डोकं जाणार नाही अशा. त्याला छोटं फाटक केलंस आणि फाटकाला खिटी, पाण्याच्या बाजूनं, वरून मुलांचा हात पोचणार नाही इतकी खाली. दिवस मावळेपर्यंत काम केलंस. चक्राला हात लावला नाहीस. सकाळी पिशवी घेऊन निघालास.

या घरात आता लहान कोण आहे रे? मी आहे, आणि दुपारी भिंतीवर येणारं शेजारचं मांजर आहे. तू गेल्यावर मी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. माझ्या कमरेच्या थोडा वर येतो. तिच्या डोक्याइतका. तिला तो ओलांडता आला नसता.

अबोलीला पाणी पोचतंय. टकटक चालू आहे. दुपारी तीन वाजता मी मागे जाते, खिटी लागलीय ना ते बघते, आणि मग ओट्यावर येऊन बसते.

अक्का